ही ओवी कुणाची, कुठल्या गावची?

दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्स नावाचं शहर आहे. तिथल्या भाषाशास्त्राच्या प्रयोगशाळेनं जपलेल्या ध्वनिसंग्रहात आपल्याकडच्या बायका गाताना ऐकू येतात. पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या, मराठवाड्यातल्या या शेतकरी आणि मजूर बायका. यांतल्या कितीतरी जणींनी शाळेचा उंबरा ओलांडलेला नव्हता. त्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात, मधेच एकमेकींना आठवण करून देतात, हसतात. असाच साठा दिल्लीजवळ गुरुग्रामलाही आहे, लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या एका संग्रहालयात. पहाटेच्या अंधारात, घरातलं कुणी ऐकत नाही असं धरून म्हटलेलं गाणं इतक्या लांब जाऊन पोचलं, आणि प्रत्येक ओवीसोबत ती म्हणणारीचं नाव आणि गावही पोचलं. मला यातली ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते.

ओवी जुनी आहे म्हणजे किती जुनी? चालुक्य राजा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० सालचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये, म्हणजे त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी. बायका मुसळ आणि जात्याच्या तालावर जे म्हणत होत्या, त्याची दखल राजाला घ्यावी लागली होती. पुढे विसाव्या शतकात साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ लिहिली. या सगळ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण त्या काळची रीत अशी होती की ओवी लोकांची, म्हणून ती सहसा कुणा एकीची नाही. पुस्तकात ओवी यायची; म्हणणारी कुठल्या गावची, कुठल्या घरातली, हे बहुतेक वेळा मागे राहायचं.

ही रीत मोडली ती पुण्यात, दोन माणसांनी. गी पॉइत्वाँ हे मूळचे फ्रान्सचे, जन्म १९३४ चा. १९७२ पासून ते पुण्यात राहिले आणि १९७९ मध्ये भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर या पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ. दोघांनी १९८० च्या सुमारास समाजविज्ञानाच्या सहकारी संशोधनाचं एक केंद्र उभं केलं. त्यातल्या ‘सहकारी’ या शब्दाला त्यांच्या लेखी खरी किंमत होती. डोंगरातल्या गरिबांची संघटना बांधायची आणि त्यांच्यासोबत बसूनच त्यांच्या ज्ञानाचा अभ्यास करायचा, असं ते काम होतं. संघटनेचं नाव ‘गरीब डोंगरी संघटना’. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर हा तिचा मुलूख. रेशनचं धान्य, जमीन, पाणी, दवाखाना हे तिचे रोजचे विषय. गावोगावी बैठका घेताना एक गोष्ट लक्षात आली: सभेत तोंड न उघडणारी बाई ओवी म्हणायला लागली की थांबत नाही. मग संघटनेच्या कार्यकर्त्या बायकांनीच आपल्या आया, सासवा, जावा, शेजारणी यांच्याकडून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यातून जमलेल्या ओव्यांची संख्या आज एक लाखाच्या वर आहे. गावं हजाराहून अधिक, गाणाऱ्या तीन हजारांहून अधिक.

एक लाख ओव्या! जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत, एकाच कामाशी बांधलेल्या बायकांच्या गाण्यांचा एवढा मोठा साठा झाला असेल तर त्याचं मला आश्चर्य वाटेल.

हे भोर-वेल्ह्याच्या डोंगरात का घडावं, ते नकाशा पाहिल्यावर उमगतं. वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, तोरणा आणि राजगड. भोरमध्ये रोहिडा आणि रायरेश्वर. किल्ल्यांची नावं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. त्यांच्या पायथ्याच्या वाड्यांची नावं त्या वाड्यांबाहेर फारशी कुणाला माहीत नाहीत. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा, मोसे, आंबी या नद्यांची अरुंद खोरी, खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई. पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर हमालीला. घर, शेत आणि जातं बाईच्या वाट्याला. विजेवर चालणारी पिठाची गिरणी सखल गावांत आली, तरी डोंगरातल्या वाडीपर्यंत यायला तिला बरीच वर्षं लागली. त्यामुळे इथे जातं उशिरापर्यंत फिरत राहिलं आणि ओवीही.

पहाटे चारच्या सुमाराला दोघी समोरासमोर बसायच्या. एका खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडात घालायचं, दुसरीनं ओढ सांभाळायची. ओवी दोन ओळींची. पहिली ओळ एकीनं म्हटली की दुसरी ती उचलते, परत म्हणते, मधे ‘गं बाई’ची, कुणाच्या तरी नावाची भर घालते, आणि मग दुसरी ओळ येते. कागदावर दोन ओळी दिसणारी ओवी गाताना पाच-सहा ओळींची होते. त्या भरीतच गाणारीला श्वास घ्यायला आणि पुढचं आठवायला जागा मिळते. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. एका गळ्यात शेकडो ओव्या बसतात आणि एक ओवी अनेक गळ्यांवर फिरते. म्हणून प्रत्येक पहाटेचं गाणं वेगळं, आणि तरीही पाठ असल्यासारखं.

आता आपल्याला इतकी सवयीची झालेली गोष्ट जरा नव्यानं पाहू. लग्न झालं की मुलगी आपलं गाव सोडते. कोवळ्या वयात, स्वतःच्या मर्जीचा फारसा प्रश्न न येता, ती अनोळखी घरात जाते. तिथे तिचं नाव बदलतं. ती अमक्याची सून, तमक्याची बायको होते. परत जायचं तर भाऊ न्यायला आला पाहिजे. असं घर सुटणं मुलखातल्या प्रत्येक बाईच्या नशिबी असतं, म्हणून आपण त्याला विस्थापन म्हणत नाही. पण ओव्यांचे विषय मोजायला बसलं तर भाऊ, आई, माहेरची वाट, माहेरचा देव, माहेरची नदी यांची गर्दी दिसते. जिला सासरी नावानं फारशी कुणी हाक मारत नाही, ती ओवीत मात्र स्वतःच्या तोंडानं ‘मी’ म्हणते. भावाचं नाव घालते, लेकाचं घालते, आपल्या गावाचं घालते. तिथे तिला कुणी अडवत नाही, कारण हात कामात आहेत.

लग्न करून जाणारी मुलगी तिच्या ओव्याही घेऊन जाते. भांडी, लुगडं आणि ओव्या. हिरडस मावळातली मुलगी गुंजण मावळात दिली की तिच्या आईची ओवी खिंड ओलांडून पलीकडे पोचते. तिथे सासूच्या ओवीत मिसळते. तिच्या लेकीबरोबर तिसऱ्या खोऱ्यात जाते. ज्या गावांमध्ये सोयरिक होते त्या गावांमध्ये ओव्या फिरतात. म्हणजे हजार गावांच्या ओव्या गाव-तालुक्यासकट मांडल्या तर कुठलं कल्पनाचित्र कुठून कुठे गेलं, कुठे त्यात बदल झाला, कुठे थांबलं, हे दिसायला लागेल. बायकांच्या चालण्याचा असा नकाशा कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. तो काढता यायचा असेल तर ओवीसोबत गावाचं नाव लिहिलेलंच हवं.

इथे या गोष्टीत बर्नार बेल येतात.

बेल हे संगणकाचं आणि संगीताचं एकत्र काम करणारे फ्रेंच अभ्यासक, फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात काम केलेले. ओवीपर्यंत ते आले ते तबल्याच्या वाटेनं, आणि ती वाट सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपन नावाचा तरुण अभ्यासक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. लखनौचं हे घराणं मूळ दिल्लीहून आलेल्या मुसलमान तबलियांचं. अवधच्या नवाबांनी त्यांना आसरा दिला. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि तो आसराही तुटला. विद्या तेवढी हातात राहिली, बापाकडून मुलाला. किपनना प्रश्न पडला होता: कायद्याचा, म्हणजे तबल्यातल्या मूळ रचनेचा, विस्तार करताना कुठला पलटा, म्हणजे कुठला फेरबदल, बरोबर आणि कुठला चूक, हे उस्ताद क्षणात सांगतात, पण नियम विचारले तर शब्दांत मांडत नाहीत. मग ते नियम पकडायचे कसे? बेल यांनी त्यासाठी ‘बोल प्रोसेसर’ नावाची आज्ञावली लिहिली. ती एका छोट्या संगणकावर चालायची. किपन यांना जेवढं व्याकरण कळलं होतं तेवढं तिला शिकवायचं, मग तिनं स्वतः पलटे तयार करायचे, आणि ते उस्तादांना ऐकवायचे. उस्ताद म्हणाले ‘हे नाही चालणार’, की व्याकरण दुरुस्त करायचं. पुन्हा पलटे, पुन्हा उस्ताद. खरं-खोटं ठरवण्याचा अधिकार शेवटपर्यंत तबला वाजवणाऱ्याकडे राहिला. यंत्र शिष्याच्या जागी बसलं. आज यंत्रांकडून सगळंच करवून घेण्याच्या दिवसांत हा प्रयोग मला फार शहाणपणाचा वाटतो.

हेच बेल १९९० च्या दशकात पॉइत्वाँ आणि राईरकर यांच्या कामात आले. १९९६ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. त्या आवाजानं बेल यांना खिळवून ठेवलं, आणि तोपर्यंत कागदांवर साठत आलेल्या ओव्यांकडे ते गाणं म्हणून पाहायला लागले. त्यांनी आणि सोबतच्या मंडळींनी सुमारे १२० तासांचं गाणं आणि बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मग सुरू झालं ते खरं चिकाटीचं काम: लाखभर ओव्या संगणकात भरायच्या.

हे काम कसं चालतं, ते थोडं थांबून पाहावं असं आहे. प्रत्येक ओवीला एक क्रमांक. तिच्यापुढे देवनागरीतला मजकूर. त्यापुढे विषयाचा संकेतांक: सीता, पंढरी, भाऊ, लेक, सासू, जातं स्वतः, शेत, कष्ट. मग म्हणणारीचं नाव, तिचं गाव, तालुका, जिल्हा, नोंद केल्याची तारीख. ध्वनिमुद्रण असेल तर त्याचा दुवा, चालीची नोंद. विषयांची झाडासारखी फांद्याफांद्यांनी वाढत गेलेली वर्गवारीही कुणी दिल्लीत किंवा पॅरिसमध्ये बसून ठरवलेली नाही. बायकांबरोबरच्या बैठकांत ओवीचा अर्थ काय, ती कुणाला उद्देशून आहे, ती कधी म्हणतात, असं विचारत ती वाढली. वरून साधं वाटणारं हे काम त्या काळात फार कठीण होतं, कारण देवनागरी टंकांचं सगळीकडे चालणारं एकच प्रमाण तेव्हा नव्हतं. एका संगणकावर भरलेली ओवी दुसऱ्यावर उघडली की अक्षरांचा चिवडा व्हायचा. बोलीतले उच्चार जसेच्या तसे ठेवायचे होते, ते कुणी ‘शुद्ध’ करायचे नव्हते. लखनौमध्ये उस्तादांकडे राहिलेला अधिकार इथे म्हणणारीकडे राहिला.

ओळख आणि गाणं यांचा संबंध या साठ्यात सर्वात उघडपणे दिसतो तो दलित बायकांच्या ओव्यांत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. घराघरांतले देव गेले. जातं मात्र राहिलं, आणि ओवीची पहिली ओळ कुणाला वाहायची हा प्रश्नही राहिला. मुळशीतल्या, बीडमधल्या बायकांनी ती बाबासाहेबांना वाहिली, बुद्धाला वाहिली, बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाईंना वाहिली. ओवीत पूर्वी माहेरचा सखा, राजा, पाठीराखा म्हणून जी जागा भावाची होती, तिथे भीमराव आले. साचा शेकडो वर्षांचा, आतली ओळख अगदी नवी. हे कुणी शिकवलं नव्हतं. कुणा कार्यकर्त्याचं पत्रक वाचून अशी ओवी सुचत नाही, दळताना सुचते. धर्म बदलला म्हणजे काय बदललं, हे समजून घ्यायला मला या ओव्या अनेक ग्रंथांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात.

आणि पाणी. या डोंगरांची कहाणी धरणांशिवाय सांगता येत नाही. मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला उतरले, धरण झालंच. भोरमध्ये वेळवंडीवर भाटघरचं धरण १९२० च्या दशकाच्या शेवटी पुरं झालं. त्याच्या जलाशयात कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं मंदिर जवळजवळ वर्षभर बुडालेलं असतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव. १२ जुलै १९६१ ही पानशेत फुटल्याची तारीख पुण्यातल्या जुन्या माणसांना झोपेतही आठवते, आणि आठवावीच. त्या धरणाच्या वरच्या अंगाला ज्यांची खाचरं आणि घरं पाण्याखाली गेली, त्यांच्या वाट्याला मात्र अशी एकही तारीख आलेली नाही. गाव उठतं तेव्हा माणसं पांगतात. सोयरिकीचे रस्ते तुटतात. आणि मघाशी पाहिलेल्या नकाशातल्या वाटा पाण्याखाली जातात. अशा वेळी एखाद्या म्हातारीच्या ओवीत जुन्या गावाचं, नदीच्या घाटाचं, ग्रामदेवीचं नाव आलं असेल आणि ते कुणी गावासकट लिहून ठेवलं असेल, तर तो मोजणी खात्याच्या नकाशाइतकाच पक्का पुरावा आहे.

घर सुटलेल्या माणसानं आपली ओळख कशी टिकवायची, हा प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, आपल्या शेजारीच आज फार तीव्र आहे. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानं रोहिंग्या मुसलमानांना देशाच्या हिशेबातून वगळलं. २०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले. त्याच्याही आधीपासून तिथे राहत असलेल्या निर्वासितांमध्ये काझी फहमिदा फरझाना या अभ्यासिकेनं काम केलं. त्यांनी कागदपत्रांऐवजी गाणी आणि चित्रं गोळा केली. या लोकांच्या ‘तराना’ नावाच्या गाण्यांत सोडून आलेली जमीन आहे, छळ आहे, आपण कोण हे सांगणं आहे. ज्यांच्याजवळ कुठल्याच सरकारचा दाखला नाही, त्यांनी आपला दाखला गाण्यात ठेवला आहे आणि तो मुलांना पाठ करून देत आहेत. रोहिंग्यांचं दुःख आणि वेल्ह्याच्या बाईचं दुःख एका मापात बसणारं नाही, आणि बसवूही नये. सारखेपणा आहे तो अभ्यासाच्या रीतीत: माणसाला ‘तू कोण’ असं विचारण्याआधी तो काय गातो ते ऐकायचं, आणि गाणाऱ्याचं नाव खोडायचं नाही.

पॉइत्वाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. लाखभर ओव्यांचं पुढे काय, हा प्रश्न तेव्हा खराखुरा होता. बेल यांनी साठा सांभाळला. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं तो पुढे उचलला आणि २०१७ पासून ओव्या अनुवादासह, आवाजासह, गाणाऱ्यांच्या छायाचित्रांसह लोकांपुढे यायला लागल्या. नमिता वाईकर यांनी या प्रकल्पाचं काम पाहिलं. आशा ओगले यांनी अनुवाद केले. जितेंद्र मैड पूर्वीपासूनच पॉइत्वाँ-राईरकर यांच्यासोबत गावांत फिरलेले. त्यामुळे कुठली ओवी कुठल्या घरातून आली याची माहिती त्यांच्याजवळ होती.

इथे मन थोडं खट्टूही होतं. लाखभर ओव्यांपैकी आवाजासह असलेल्या काही हजारच. बाकी सगळ्या कागदावरच्या. त्यांचा गळा कुठला होता, कुणी कुठे श्वास घेतला, ‘गं बाई’ कुठे आलं, हे लिहिणारीनं लिहिलेलं नाही. तेव्हा ते लिहिण्यासारखं आहे असं कुणालाच वाटलं नसणार. म्हणून ‘पारी’चा चमू जुन्या नोंदी घेऊन पुन्हा गावांत गेला. नाव होतं, गाव होतं, म्हणून घर सापडलं. काही घरांत ती बाई आता नव्हती. लेकीनं, सुनेनं आठवतील तेवढ्या ओव्या म्हटल्या. काही ठिकाणी ती होती, वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारी झालेली. दळण आता गिरणीतून येतं. अंगणाच्या कडेला पडलेलं जातं कुणीतरी ओढून आणलं, मूठभर धान्य घातलं, आणि समोर शेजारीण बसली.